विस्तव गेला कुठे?

गिरगावात जगन्नाथ शंकरशेट मार्गावरून आत वळले की थोड्याच वेळात रहदारीचा आवाज मागे पडतो आणि खोताची वाडी लागते. अरुंद बोळ, बाहेरच्या अंगाला लाकडी जिने, पुढे पडवी, वर कौले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून खोत या पाठारे प्रभू घराण्याच्या जमिनीवर ही वस्ती वाढत गेली. जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांनी विकत घेतले आणि त्यांवर पोर्तुगीज वळणाची लाकडी घरे बांधली. एके काळी अशी पासष्ट घरे होती असे सांगतात. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत.

स्वयंपाकाच्या जुन्या भांड्यांची माहिती गोळा करावी म्हणून आम्ही वाडीतल्या एका घरी गेलो होतो. ओट्यावर गॅसच्या शेजारी एक नवी, काळ्या काचेची इंडक्शन शेगडी होती. नातवाने आणलेली. घरच्या आजींनी आमच्यासमोर तिच्यावर पाण्याने भरलेले तांब्याचे पातेले ठेवले. शेगडीने टीं-टीं करून ते नाकारले. मग ॲल्युमिनिअमचा टोप ठेवला, तोही नाकारला. आंबट कालवणासाठी जपून ठेवलेले मातीचे भांडे ठेवले, तेही नाकारले. शेवटी माळ्यावरून काढलेली सपाट बुडाची लोखंडी कढई ठेवली. तिच्यातले पाणी मात्र पाहता पाहता खदखदू लागले.

आजी म्हणाल्या, "विस्तवाने कधी भांड्याची जात विचारली नाही हो. हिच्यात तर विस्तवच नाही, आणि ही विचारते!"

प्रश्न नेमका होता. विस्तव नसताना पाणी उकळते कसे? उष्णतेचा उत्तम वाहक म्हणून ज्या तांब्याची ख्याती, तेच भांडे नापास का होते? आणि ज्वाळा नाही म्हणून ही शेगडी लाकडी घरात निर्धोक मानायची का? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधायची तर विस्तवाचा माग काढत थोडे मागे जावे लागते.

चुलीपासून सिलिंडरपर्यंत

चुलीतल्या विस्तवाची बरीचशी उष्णता भांड्याला मिळतच नाही. ती भिंतींना, हवेला आणि फुंकणाऱ्या बाईच्या डोळ्यांना मिळते. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते, म्हणून तर चुलीला शेजारी वैल असे. मुख्य भांड्याखालून निसटलेल्या उष्णतेवर वैलावरची आमटी गरम राही. वाया जाणाऱ्या उष्णतेचा तो घरगुती हिशेब होता.

याहून चतुर हिशेब पाणी तापवण्याच्या तांब्याच्या बंबात होता. बंबात विस्तव भांड्याखाली नसतो, भांड्याच्या पोटात असतो. मधल्या नळीत निखारे आणि चहूबाजूंनी पाणी, त्यामुळे निखाऱ्यांच्या उष्णतेला पाण्याला चुकवून जायला फारशी वाटच उरत नाही. विस्तव भांड्याच्या जितका जवळ, तितकी नासाडी कमी. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

शहरात जागा कमी पडू लागली, घरांवर घरे चढली, तशी चुलीची जागा वखारीतल्या कोळशावर चालणाऱ्या शेगडीने घेतली. शेगडीचा धूर कमी, पण बंद खोलीत कोळशापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड धुरापेक्षा घातक. त्याला ना रंग, ना वास.

मुंबईत १८६५ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. हा गॅस म्हणजे दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढलेला वायू. लालबागेत त्या कंपनीचा कारखाना होता आणि तिथल्या गल्लीला आजही लोक 'गॅस कंपनी' म्हणूनच ओळखतात. मात्र गिरगावच्या बहुतेक स्वयंपाकघरांचा कायापालट केला तो रॉकेलच्या स्टोव्हने. १८९२ मध्ये स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्ट याने दाबावर चालणारा, काजळी न धरणारा स्टोव्ह बनवला. 'प्रायमस' हे त्याचे व्यापारी नाव, ते आपल्याकडे घरोघर रुळले. पंप मारायचा, पिन मारायची, आणि निळी ज्योत भर्रकन पेट घ्यायची.

स्टोव्हने वेळ वाचवला, पण तो निर्धोक नव्हता. तापलेल्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणे, तुंबलेल्या छिद्रावर पंप मारत राहणे, अंगावर नायलॉनची साडी असणे, एवढे कारण अपघाताला पुरे होई. 'स्टोव्हचा भडका उडून' अशा बातम्या १९७० आणि १९८० च्या दशकांत वर्तमानपत्रांत वरचेवर येत. यातला प्रत्येक मृत्यू स्टोव्हमुळे झालेला नव्हता, हेही इतिहास सांगताना विसरू नये. हुंड्यासाठी जाळलेल्या मुलींच्या मरणावर स्टोव्हचे नाव घालणे सोपे होते. १९८६ साली हुंडाबळीचे वेगळे कलम दंडसंहितेत आले, त्यामागे ही मरणे होती. सुरक्षित शेगडी ही स्वयंपाकघरातल्या सुरक्षिततेची एक बाजू असते, एवढे यावरून समजावे.

१९५५ साली मुंबईत बर्मा शेल कंपनीने सिलिंडरमधून गॅस विकायला सुरुवात केली. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि नळाने येणारा नैसर्गिक वायू हळूहळू घरांत पोहोचू लागला. इंडक्शन शेगडी याच ओळीत उशिरा आली. सप्टेंबर २०१२ मध्ये सवलतीच्या दरातले सिलिंडर वर्षाला सहावर आणले गेले. पुढे ही मर्यादा नऊ आणि नंतर बारा झाली, पण तोवर पुष्कळ घरांनी पर्याय म्हणून विजेची ही शेगडी घेऊन ठेवली होती.

या साऱ्या प्रवासात एक गोष्ट मात्र बदलली नाही. चूल असो, स्टोव्ह असो की गॅस, विस्तव भांड्याच्या बाहेर होता. उष्णता बाहेर निर्माण व्हायची आणि भांड्याने ती आत न्यायची. भांड्याची परीक्षा त्यावरूनच होई.

भांडी कोणत्या कसोटीवर निवडली गेली?

तांबे उष्णता चटकन आणि सारखी पसरवते. म्हणून मोठ्या स्वयंपाकाची पातेली, हंडे, बंब तांब्या-पितळेचे. मुंबईत पायधुणीजवळचा तांबाकाटा हा भाग या धातूच्या व्यापारामुळेच ओळखला जाई. तांब्याचा दोष एकच, आंबट पदार्थाशी त्याची रासायनिक क्रिया होते. चिंचेची आमटी, ताक, कोकमाचे सार पितळेच्या भांड्यात ठेवले की ते कळकते. त्यावर उपाय कल्हईचा. कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते. कल्हईवाला भांडे तापवून नवसागर टाकी, त्याने आतला पृष्ठभाग स्वच्छ होई, आणि कापसाच्या बोळ्याने कथलाचा पातळ थर भांडेभर फिरवी.

ॲल्युमिनिअम आपल्याकडे आले ते १८९८ च्या सुमारास. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी या धातूची भांडी बनवायला सुरुवात केली. हलके, स्वस्त, कल्हईची कटकट नाही आणि उष्णतेचे वहनही चांगले. १९५९ मध्ये मुंबईत हॉकिन्स कंपनी निघाली आणि ॲल्युमिनिअमचा प्रेशर कुकर मध्यमवर्गीय ओट्यावर कायमचा बसला.

त्यानंतर स्टेनलेस स्टील. १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमिअम मिसळून न गंजणारे पोलाद बनवले. पुढे त्यात निकेल मिसळून भांड्यांसाठी अधिक सोयीचे पोलाद तयार झाले. ते उष्णतेचे वाहक म्हणून तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण चकाकते, कळकत नाही, घासायला सोपे. भांडी बदलत गेली तरी स्वयंपाक करणाऱ्यांच्या मनात कसोटी जुनीच राहिली: बाहेरची उष्णता आत किती चांगली जाते?

इंडक्शन शेगडीने ही कसोटीच रद्द केली. कशी, ते पाहण्यासाठी आपण दोनशे वर्षे मागे पॅरिसला जाऊ. आणि गंमत अशी की ती गोष्ट तांब्यापासूनच सुरू होते.

अरागोची सुई

१८२४ च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रान्स्वा अरागो यांना दिसले, की होकायंत्राची सुई तांब्याच्या तबकडीवर टांगून हलवली तर तिचे झोके लवकर थांबतात. तबकडी फिरवली तर सुई तिच्यामागे फिरू लागते. तांबे तर चुंबकाला चिकटत नाही. मग सुईला कोण ओढते?

उत्तर १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी दिले. वाहकाजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले की वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो. यालाच आपण विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतो, आणि 'इंडक्शन' या शब्दाचा अर्थही प्रवर्तनच. तारेऐवजी धातूचा सलग पत्रा असेल तर हे प्रवाह पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे पत्र्यात गोल फिरतात. त्यांना भोवरी प्रवाह म्हणतात. अरागोच्या तबकडीत हेच भोवरे उठत होते.

१८५५ मध्ये लेऑं फुको यांनी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवली. ती फिरवायला जास्त जोर लागला आणि तबकडी तापली. ज्योत नाही, घर्षण नाही, तरी धातू तापला! इंडक्शन शेगडीचे मूळ या तापलेल्या तबकडीत आहे. पुढे १९०० च्या सुमारास स्वीडनमध्ये याच तत्त्वावर पोलाद वितळवण्याच्या भट्ट्या चालू लागल्या.

भट्टीतून ही युक्ती स्वयंपाकघरात यायला पन्नासहून अधिक वर्षे लागली. १९५० च्या दशकात अमेरिकेत फ्रिजिडेअर कंपनी एक प्रात्यक्षिक करून दाखवी: शेगडी आणि भांडे यांच्यामध्ये वर्तमानपत्र ठेवायचे आणि वर पाणी उकळवायचे. १९७० च्या दशकाच्या आरंभी वेस्टिंगहाउस कंपनीने अशी घरगुती शेगडी बाजारात आणली, पण ती फार महाग होती. कारण तारेच्या वेटोळ्यात सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा मोठा प्रवाह सोडायला स्वस्त आणि दणकट विद्युत-कळ हवी होती. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारे भारतीय वंशाचे अभियंते बी. जयंत बालिगा यांनी आयजीबीटी नावाचा अर्धवाहक घटक विकसित केला. आज आपल्या ओट्यावरच्या शेगडीत हेच काम आयजीबीटी करतो. या कार्यासाठी बालिगा यांना २०२४ साली फिनलंडचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला.

चांगला वाहक नापास का?

इंडक्शन शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या बारीक तारा पिळून केलेले एक चपटे वेटोळे असते. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. शेगडी तिचे रूपांतर २० हजारांहून अधिक आवर्तनांत करते. वेटोळ्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र तितक्याच वेगाने उलटसुलट होते आणि भांड्याच्या बुडात भोवरी प्रवाह उठवते. प्रवाहाला धातूचा रोध होतो आणि त्या रोधामुळे बूड तापते. म्हणजे शेगडी तापत नाही, भांडे स्वतःच तापते. बंबात विस्तव भांड्याच्या पोटात गेला होता. इथे तो भांड्याच्या धातूतच शिरला. आजींच्या प्रश्नातला विस्तव तिथे आहे.

आता तांब्याचे कोडे. इथे विद्यार्थी बरोबर शंका काढतील: फुकोची तबकडी तांब्याची होती आणि ती तापली, मग पातेले का तापत नाही? तांब्यातही भोवरी प्रवाह उठतातच. पण प्रवाह इतक्या वेगाने दिशा बदलत असेल तर तो धातूच्या सगळ्या जाडीतून वाहत नाही, पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून वाहतो. २५ हजार आवर्तनांना तांब्यात हा थर सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीचा असतो. लोखंडासारख्या चुंबकीय धातूत तो ०.१ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतो. मुळात लोखंडाचा रोध तांब्यापेक्षा जास्त, त्यात वाट एवढी चिंचोळी. ढोबळ हिशेबाने लोखंडाच्या बुडाचा परिणामी रोध तांब्याच्या तीस पटींहून अधिक होतो. रुंद रस्त्यावर गर्दी सहज सरकते, वाडीच्या बोळात तीच गर्दी खेटाखेटी करते, तसे काहीसे.

लोखंडात आणखी एक क्रिया होते. त्याच्यातले सूक्ष्म चुंबकीय भाग बदलत्या क्षेत्राबरोबर सतत उलटेपालटे होतात, त्यातूनही काही उष्णता निर्माण होते. तांब्यात हे होत नाही.

म्हणून तांब्यात प्रवाह भरपूर, पण उष्णता अपुरी. अशा भांड्याला क्षेत्र पुरवत बसले तर शेगडीचे वेटोळे आणि आयजीबीटीच तापतील. म्हणून शेगडी आधी भांडे चाचपते आणि पटले नाही तर बंद राहते. मातीच्या भांड्यात तर प्रवाहच उठत नाही. जपानमध्ये २००० नंतर तांबे-ॲल्युमिनिअमही तापवणाऱ्या शेगड्या निघाल्या. त्या वारंवारता आणखी वाढवतात, म्हणजे थर आणखी पातळ आणि रोध जास्त. पण त्या महाग असतात आणि आपल्याकडच्या साध्या शेगड्या तशा नसतात.

चुंबक लावून पाहा

भांडे निवडायला दुकानदाराचा शब्द नको, फ्रिजवर लावायचा एक चुंबक पुरे. तो भांड्याच्या बाजूला न लावता बुडाला लावून पाहावा. घट्ट चिकटला तर भांडे चालेल, घसरला तर नाही.

आम्ही आजींच्या मांडणीवरच्या भांड्यांना चुंबक लावत गेलो. लोखंडी तवा आणि बिडाचा तवा उत्तम पास. तांबे, पितळ, ॲल्युमिनिअम, हिंडालिअम नापास. एनॅमलचा जुना टोप पास, कारण आत पोलादाचा पत्रा असतो. खरा घोटाळा स्टीलचा. एका टोपाला चुंबक घट्ट चिकटला, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्याला अजिबात नाही. निकेल मिसळलेल्या स्टीलची अणुरचना वेगळी असते आणि ते चुंबकीय नसते. फक्त क्रोमिअम असलेले पोलाद चुंबकीय असते. दोन्ही स्टेनलेसच, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही.

वर्गात एक गमतीचा प्रयोग होतो. न चिकटणाऱ्या स्टीलच्या डब्याच्या सपाट भागाला चुंबक लावा आणि मग तो डब्याच्या वळलेल्या कोपऱ्यावर फिरवा. पुष्कळदा कोपऱ्यावर किंचित ओढ जाणवते. साच्यात दाबून वाकवताना तेवढ्या जागी पोलादाची अणुरचना बदललेली असते. अशी किंचित ओढ शेगडीला मात्र पुरत नाही.

कुकर घेताना 'इंडक्शन बूड' आहे का पाहावे. अशा कुकरच्या ॲल्युमिनिअमच्या बुडाला बाहेरून चुंबकीय पोलादाची चकती दाबून बसवलेली असते. शेगडी त्या चकतीला तापवते आणि ॲल्युमिनिअम ती उष्णता पसरवते. जुनी आणि नवी कसोटी इथे एकत्र आलेली दिसते.

बूड सपाट हवे, कारण काचेपासून अंतर वाढले की क्षेत्र झपाट्याने क्षीण होते. गोल बुडाची कढई म्हणूनच रुसते. बूड रुंदही हवे. बहुतेक शेगड्या सुमारे १२ सेंटिमीटरपेक्षा लहान बूड ओळखत नाहीत, तेव्हा फोडणीच्या कढल्याला गॅसच बरा. न चालणाऱ्या भांड्याखाली ठेवायची लोखंडी चकती बाजारात मिळते, पण ती घातली की शेगडीची साधी तवा-शेगडी होते. चकती लाल होईपर्यंत तापते, खालच्या काचेला ताण बसतो आणि काटकसरही जाते.

विस्तव भिंतीत

आता तिसरा प्रश्न, आणि खोताच्या वाडीसाठी सर्वांत महत्त्वाचा. ज्वाळा नाही, वायूची गळती नाही, काजळी नाही. लाकडी घरासाठी याहून चांगले काय? आम्हीही प्रथम असेच म्हणालो. मग आजींच्या नातवाने ओट्यामागचे सॉकेट दाखवले. प्लगच्या एका छिद्राभोवती ते तपकिरी झाले होते.

हिशेब करू. ६० वॉटच्या दिव्यातून २३० व्होल्टला सुमारे ०.२६ अँपिअर प्रवाह जातो. २००० वॉटच्या शेगडीतून ८.७ अँपिअर, म्हणजे सुमारे ३३ पट. पण तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती हजार पटींहून अधिक वाढते. समजा, सॉकेटमधल्या एका सैल जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम आहे. दिवा चालू असताना तिथे ०.००७ वॉट उष्णता निघेल, कुणाला कळणारही नाही. शेगडी चालू असताना तिथेच साडेसात वॉट निघेल, आणि तीही काडीच्या गुलाएवढ्या जागेत. मागे लाकडी पट्टी असेल तर पुढचे सांगायला नको.

जुन्या घरांतली वायरिंग दिवे आणि पंखे यांच्या हिशेबाने केलेली असते. त्याच वायरींवर शेगडी चालवली तर चुलीतून हुसकलेला विस्तव भिंतीत जाऊन बसतो. चुलीतला निदान दिसत तरी होता. आणि भांड्यांबाबत इतकी चोखंदळ असणारी शेगडी भिंतीतल्या सैल जोडाबद्दल मात्र काहीच बोलत नाही. एमसीबी प्रवाह वाजवीपेक्षा वाढला तर तोडते. पण सैल जोडातून वाजवीच प्रवाह जात असतो, त्यामुळे तो तापला तरी तिला पत्ता लागत नाही.

म्हणून शेगडीआधी भिंत तपासावी. १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, तिथपर्यंत निदान २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, चालू स्थितीतले अर्थिंग आणि शॉकपासून वाचवणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, एवढे परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घ्यावे. ६ अँपिअरचे सॉकेट, प्लग बदलणारा अडॅप्टर किंवा वाढीव वायरची पट्टी या शेगडीसाठी वापरू नये. पहिल्या दिवशी अर्धा तास शेगडी चालवून मग मुख्य बटण बंद करावे आणि प्लग काढून त्याला हात लावावा. तो कोमटपेक्षा जास्त गरम वाटला तर काहीतरी चुकते आहे.

ओट्यावरची काळजी

बाकीचे नियम 'भांडेच तापते' या एका वाक्यातून काढता येतात.

रिकामे भांडे ठेवून शेगडी चालू करू नये. अर्धा किलोचा लोखंडी तवा घ्या. लोखंडाच्या एका किलोला एक अंश तापायला साधारण ५०० जूल लागतात, म्हणजे या तव्याला २५०. १५०० वॉटच्या शेगडीतून तव्याला सेकंदाला सुमारे १२७५ जूल मिळतात. म्हणजे तवा दर सेकंदाला पाच अंशांनी तापतो, आणि पाऊण मिनिटात दोनशे अंशांनी वर जातो. गॅसवर 'तवा तापतोय तोवर' दुसरे काम करायची सवय असते, ती इथे मोडावी लागते. नॉनस्टिक थर तर सुमारे २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो आणि त्याचा धूर अपायकारक असतो.

तेलाबाबत विशेष सावध राहावे. तापमान मोजणारा घटक काचेखाली असतो, त्याला तेलाची खबर उशिरा लागते. तळण सोडून जाऊ नये. तेल पेटलेच तर पाणी न ओतता शेगडी बंद करून भांड्यावर झाकण सरकवावे.

काच स्वतः तापत नसली तरी तापलेल्या भांड्यामुळे ती गरम होते, म्हणून भांडे उचलल्यावर लगेच हात लावू नये. चमचे, सुऱ्या, डब्यांची झाकणे तिच्यावर ठेवू नयेत. काचेला तडा गेला तर शेगडी वापरणे थांबवावे, कारण तड्यातून उतू गेलेले दूध थेट विजेपर्यंत पोहोचते. खाली किंवा मागे हवा येण्या-जाण्याच्या फटी असतात, त्या वर्तमानपत्राने किंवा प्लॅस्टिकच्या कापडाने झाकल्या जाऊ नयेत. फ्रिजिडेअरचे वर्तमानपत्र प्रात्यक्षिकापुरतेच होते. स्वयंपाक झाल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत मुख्य बटण चालू राहू द्यावे. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी शेगडीपासून दोन फुटांचे अंतर ठेवावे आणि आपल्या डॉक्टरांना विचारावे.

वर्गासाठी हिशेब

दोन लिटर पाणी २७ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ६११ किलोजूल, म्हणजे ०.१७ युनिट ऊर्जा लागते. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर मीटरवर ०.२ युनिट पडेल आणि १५०० वॉटला आठ मिनिटे लागतील. विद्यार्थ्यांनी घरी घड्याळ लावून पाहावे आणि आपली शेगडी किती टक्के भरते ते काढावे.

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट ऊर्जा असते. गॅसच्या शेगडीसाठी भारतीय मानकाने किमान कार्यक्षमता ६८ टक्के ठरवली आहे. त्या हिशेबाने एका सिलिंडरचे काम करायला इंडक्शनला सुमारे १४५ युनिट लागतील. भांडे लहान आणि ज्योत मोठी असेल तर गॅसची नासाडी वाढते आणि हा आकडा खाली येतो. आपापल्या बिलातला युनिटचा दर घालून कोणते स्वस्त ते ठरवावे.

एक गोष्ट हिशेबाबाहेर राहू नये. कोळशाच्या वीजकेंद्रात कोळशातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होतो. तिथला धूर आपल्या स्वयंपाकघरात येत नाही, पण कुणाच्या तरी अंगणात जातोच. उलट खोपोलीसारख्या जलविद्युत केंद्राची वीज, जी १९१५ सालापासून मुंबईला मिळते, तिच्यामागे धूर नाही. तेव्हा शेगडी स्वच्छ की नाही, याचे उत्तर वीज कुठून येते त्यावर ठरते.

आजींच्या घरी महिन्याभराने पुन्हा गेलो, तेव्हा ओट्यामागे नवे सॉकेट होते आणि मांडणीच्या खिळ्याला एक चुंबक दोऱ्याने टांगला होता. माळ्यावरची कढई खाली आली होती. तांब्याचे पातेले प्यायच्या पाण्याला लागले होते. मातीचे भांडे गॅसवरच होते, आणि भरताचे वांगे व पापडही. या कामांना ज्योतच लागते, त्यामुळे त्या घरात गॅस आणि इंडक्शन दोन्ही नांदत होते.

तुमच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना एक चुंबक आणि एक वही घेऊन घरच्या भांड्यांची यादी करायला सांगा: भांडे कोणते, कशाचे, कुणाच्या काळातले, चुंबक चिकटतो की नाही. यादीच्या शेवटी ओट्याजवळच्या सॉकेटची नोंद हवी: किती अँपिअरचे, केव्हा बसवलेले, शेवटचे कुणी तपासले. भांड्यांचा रकाना मुले चटकन भरतील. सॉकेटचा रिकामा राहिला, तर तपासणीची सुरुवात तिथूनच करावी.